हरता संघ, महागडा गडी

प्रस्तावना

लिलावाच्या दालनात सगळ्यांत उतावीळ कोण असेल तर गेल्या मोसमात तळाला राहिलेला संघ. वर्षभर त्याने लोकांची बोलणी खाल्लेली असतात, प्रायोजकाचा चेहरा पडलेला असतो आणि मालकाला काहीतरी करून दाखवायचे असते. बचाव सुधारला, हे सिद्ध करायला अख्खा मोसम जातो. मोठे नाव घेतले, ही बातमी मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी छापून येते. म्हणून बोली चढत जाते, हात वरच राहतो, आणि हातोडा पडल्यावर टाळ्या वाजतात त्या ज्याची पर्स निम्मी रिकामी झाली त्याच्यासाठी.

हे पुस्तक त्या वर राहिलेल्या हाताबद्दल आहे. हरणाऱ्या संघाने अव्वल खेळाडूच्या मागे जावे का, जावे तर कधी, किती पैसे लावून आणि काय तयारी करून, एवढाच त्याचा विषय. तो बारामती आणि इंदापूरच्या वाचकासमोर ठेवण्याला कारण आहे. लिलावाने खेळाडू घेण्याची पद्धत आपल्याकडे रुजली ती २००८ च्या आयपीएलपासून. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईत पहिला लिलाव झाला, तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते बारामतीचे शरद पवार. पुढच्या काही वर्षांत ती पद्धत गावोगाव पोचली. आज गावाच्या नावापुढे ‘प्रीमियर लीग’ लावून टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात, त्यांत संघमालक असतात, आयकॉन खेळाडू असतात, गुणांची पर्स असते आणि बोलीही असते. जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांना बाहेरगावचा नामांकित चढाईपटू मानधन देऊन बोलावणे हे तर लिलावाच्याही आधीपासूनचे. माळेगावचा संघ असो की निमगाव केतकीचा, गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडलेल्यांची बैठक बसली की पहिला प्रश्न असतो, ‘यंदा कुणाला आणायचं?’ आपण का हरलो, हा प्रश्न नंतर येतो. पुष्कळदा येतही नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. तळाच्या संघाने मोठा खेळाडू घेऊच नये, हे शहाणपण अर्धेच आहे. घ्यावा, पण त्याच्या भराची वर्षे आणि आपल्या पोरांच्या पिकण्याची वर्षे एकमेकांवर पडत असतील तरच. लिलावात सगळे किंमत बघतात. हरणाऱ्या संघाने आधी वेळ बघायला हवी.

हा प्रश्न सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महाग झाला तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथे ठरावीक वर्षे खेळून करार संपलेला खेळाडू मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. संघाच्या एकूण खर्चावर तिथे कडक मर्यादा नाही. फार उधळपट्टी केली तर जादा कर पडतो, इतकेच. त्यामुळे हरणाऱ्या संघाला एक वेगळीच पट्टी भरावी लागते. जिंकणाऱ्या संघाकडे करंडकाची आशा असते, हरणाऱ्याकडे फक्त पैसा. म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त रक्कम द्यावी लागते, नाहीतर जास्त वर्षांची हमी.

टेक्सास रेंजर्सने डिसेंबर २००० मध्ये हेच केले. तो मोसम ते आपल्या गटात तळाला संपवून बसले होते. त्यांनी अलेक्स रॉड्रिगेझशी दहा वर्षांचा, २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. खेळांच्या इतिहासात तोवर एवढा मोठा करार झाला नव्हता. रॉड्रिगेझने आपले काम चोख केले. पहिल्या मोसमात ५२, दुसऱ्यात ५७, तिसऱ्यात ४७ होमरन मारले आणि २००३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रेंजर्स मात्र ही तिन्ही वर्षे गटात तळालाच राहिले, कारण त्यांचे दुखणे फलंदाजीत नव्हतेच. त्यांचे गोलंदाज, म्हणजे पिचर, मार खात होते. २००१ मध्ये त्यांच्या लीगमध्ये सर्वाधिक मार त्यांच्याच पिचरना बसला. गळती एका खोलीत आणि कौले बदलली दुसऱ्या खोलीची, असा तो प्रकार झाला. २००४ च्या फेब्रुवारीत त्यांनी रॉड्रिगेझ न्यूयॉर्क यांकीजला देऊन टाकला.

याच काळात डेट्रॉईट टायगर्स त्याहून वाईट अवस्थेत होते. २००३ मध्ये त्यांनी १६२ पैकी ११९ सामने गमावले. पुढच्या मोसमाआधी त्यांनी इव्हान रॉड्रिगेझ हा नावाजलेला कॅचर चार वर्षांसाठी चार कोटी डॉलरना घेतला. वर वर पाहता ही टेक्साससारखीच उडी होती. फरक होता तो निवडीत. पिचरचा प्रत्येक चेंडू कॅचरशी ठरवून पडतो, आणि टायगर्सकडे होते ते मार खाऊन शिकणारे कोवळे पिचर. म्हणजे घेतलेला तारा पोरांच्या शिक्षणाचा भाग होता. तळाला राहिल्याच्या बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीत लवकर पाळी मिळते. त्यातून २००४ मध्ये जस्टिन व्हर्लँडर आला. २००५ मध्ये त्यांनी गुडघ्याने बेजार झालेला मॅग्लिओ ओर्डोन्येझ घेतला. तोच गुडघा पुन्हा गेला तर करार मोडता येईल, असे कलम त्यांनी घालून घेतले. २००६ मध्ये हा संघ थेट जागतिक मालिकेत, म्हणजे अंतिम लढतीत, पोचला. हरला, पण तीन वर्षांपूर्वी ११९ पराभव पचवलेल्या संघाने गाठलेली ती मजल होती.

बेसबॉलचे हे दोन दाखले पुरेत. आपल्या मातीतला दाखला त्याहून स्वच्छ आहे आणि तो आहे प्रो कबड्डीत, बारामतीहून दोन-अडीच तासांवरच्या बालेवाडीत. इथले अर्थशास्त्र मात्र बेसबॉलच्या उलटे आहे. प्रत्येक संघाला सारखीच पर्स मिळते: नवव्या मोसमात ४ कोटी ४० लाख, दहाव्यात ५ कोटी. त्यामुळे हरणारा संघ जादा पैसा ओतूच शकत नाही. एका खेळाडूला दिलेला रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो. बेसबॉलमध्ये चुकीचा तारा मालकाच्या खिशातून जातो. कबड्डीत तो राखीव बाकावरून जातो.

ऑगस्ट २०२२ चा, म्हणजे नवव्या मोसमाचा, लिलाव घ्या. तमिळ थलैवाज हा आधीच्या चार मोसमांत एकदाही बाद फेरी न गाठलेला संघ. त्यांनी चढाईपटू पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख लावले, म्हणजे निम्म्याहून अधिक पर्स. त्याच लिलावात पुणेरी पलटणने फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणि मोहम्मद नबीबख्श ८७ लाखांना घेतला. बेरीज २ कोटी २५ लाख. रक्कम जवळपास तीच, पण पलटणने ती दोघांत वाटली, आणि घेतलेला मोठा खेळाडू, फझल, चढाईपटू नव्हता, डाव्या कोपऱ्याचा पकडपटू होता.

पवनला पहिल्याच सामन्यात गुडघ्याची दुखापत झाली आणि तो मोसमातून गेला. इथे थलैवाजची गोष्ट संपायला हवी होती. तिथूनच ती सुरू झाली. नरेंदर हा नवखा पोरगा चढाया करू लागला आणि त्याने पहिल्याच मोसमात दोनशेहून अधिक गुण घेतले. सागर राठीच्या फळीने पकडी केल्या. मोसम चालू असताना अशन कुमार प्रशिक्षक म्हणून आले आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. तिथे त्याला पलटणनेच ३९-३७ असे हरवले. संघ वर आला तो ताऱ्याशिवाय. पवन नको होता, असे यातून कुणी काढू नये. निष्कर्ष इतकाच की त्या संघात आधीपासून काय आहे, हे लिलावाच्या दिवशी तो विकत घेणाऱ्यांनाही पुरते ठाऊक नव्हते.

पुढच्या वर्षी पवन तेलुगू टायटन्सकडे गेला, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. टायटन्स त्याआधीचे दोन मोसम तळाला होते. २२ सामन्यांत एकदा एक विजय, एकदा दोन. निम्म्याहून जास्त पर्स पुन्हा एका चढाईपटूत गेली. दहाव्या मोसमात पवन खेळला, गुणही घेतले, कर्णधारही तोच. टायटन्सने २२ पैकी दोनच सामने जिंकले. याच संघाने २०१९ मध्ये चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतले होते. आदल्या वर्षी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत उचलले होते आणि त्याने तो मोसम गाजवला होता. सिद्धार्थने टायटन्सकडूनही दोनशेवर गुण मिळवले, आणि टायटन्स बारा संघांत अकरावे आले.

हे का होते, ते कबड्डी खेळलेला माणूस लगेच ओळखेल. चढाईपटू कितीही मोठा असो, तो बाद झाला की बाहेर बसतो. त्याला परत आणायला दुसऱ्या कुणीतरी पकड करावी लागते किंवा चढाईत समोरचा गडी बाद करावा लागतो. संघ त्याच्याच चढायांवर अवलंबून असेल आणि पकड होत नसेल तर सामन्याची कितीतरी मिनिटे अडीच कोटींचा गडी रेषेबाहेर मांडी घालून बसलेला असतो. प्रतिस्पर्ध्याला हे कळते. मग तो पवनला आधी पकडतो. डाव्या कोपऱ्यातला अव्वल गडी याच्या उलट काम करतो. तो घोट्याला भिडला की शेजारचा मध्यरक्षक निर्धास्तपणे झेप घेतो, साखळी जुळते, आणि त्या साखळीमुळे आपला साधा चढाईपटूसुद्धा जास्त वेळ मैदानात राहतो. तळाच्या संघाने घ्यायचा तारा असा असावा की ज्याच्यामुळे इतर सहांची किंमत वाढेल.

पुणेरी पलटण हे एका दिवसात शिकली नाही. २०१४ आणि २०१५ च्या पहिल्या दोन्ही मोसमांत हा संघ तळाला होता. २०१९ मध्येही बारांत दहावा. वळण आले ते आठव्या मोसमात. राहुल चौधरी, नितीन तोमर यांच्यासारखी मोठी नावे संघात असताना अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही पोरे पुढे आली, आणि संघाने मोठ्या नावांसाठी त्यांना मागे खेचले नाही. नवखे म्हणून आलेले खेळाडू पर्सला स्वस्त पडतात. ती स्वस्ताई होती म्हणूनच फझल परवडला, आणि फझलच्या शेजारी उभे राहून बचावातली पोरे एक मोसम घडली. त्या नवव्या मोसमात पलटण अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा हरली. पुढच्या लिलावात त्यांनी फझलला जाऊ दिले. गुजरातने त्याला १ कोटी ६० लाख दिले. पलटणने त्याच्याहून कितीतरी तरुण मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. कर्णधारपद मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लमकडे दिले. त्या मोसमात पलटणने साखळीत २२ पैकी फक्त दोन सामने गमावले, शादलुई सर्वाधिक पकडींचा मानकरी ठरला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून संघाने पहिले विजेतेपद घेतले. त्या अंतिम सामन्यात सर्वांत मोलाची चढाई केली ती पंकज मोहितेने.

पुढचे दोन मोसम तर कुणी मुद्दाम प्रयोग मांडावा तसे झाले. शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. हरियाणा म्हणजे आदल्या वर्षीचा उपविजेता, जवळपास पुरा झालेला संघ. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीतच तो विजेता झाला. त्यानंतर शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. तोच खेळाडू, रकमाही जवळपास त्याच, तीन संघ, तीन वेगळ्या अवस्था. तारा संघाला काही पावले पुढे नेतो. दार किती पावलांवर आहे, हे मोजण्याचे काम मात्र संघाचे.

क्रिकेटमध्ये पुण्यानेच आणखी एक धडा दिला. रायझिंग पुणे संघ २०१६ मध्ये आठांत सातवा आला. पुढच्या वर्षी त्यांनी बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतले आणि तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण बाद फेरीच्या वेळी तो इंग्लंडच्या संघाकडे परतला होता, आणि पुण्याने अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने गमावला. तिथवर संघ पोचला त्यात १० लाखांच्या राहुल त्रिपाठीच्या ३९१ धावा आणि ३० लाखांच्या जयदेव उनाडकटचे २४ बळी होते. त्याआधीच्या पुणे वॉरियर्सने २०११ मध्ये रॉबिन उथप्पाला २१ लाख आणि युवराज सिंगला १८ लाख डॉलर दिले. तीन मोसमांत तो संघ नववा, नववा आणि आठवा आला आणि मग बंद पडला. महागडा गडी किती दिवस हाती असेल, हेही किमतीचाच भाग आहे.

मग हरणाऱ्या संघाने सुरुवात कुठून करावी? आपल्या पराभवांच्या वहीपासून. सगळे पराभव सारखे नसतात. प्रो कबड्डीने बराच काळ सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्याला तक्त्यात एक गुण दिला. ती खूण उपयोगाची आहे. दहा पराभवांपैकी सात असे निसटते असतील तर संघ उभा आहे, शेवटच्या पाच मिनिटांत कमी पडतो. अशा संघाला एक मोठा खेळाडू लगेच फळतो. दहापैकी सात पराभव वीस-वीस गुणांचे असतील, दर सामन्यात दोन-दोन लोण चढत असतील, तर एकट्याच्या जोरावर ते भरून निघणार नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्षेत्रातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाणी मुरून चोपण झालेल्या रानात कितीही नामी बेणे लावले तरी उतारा पडत नाही. आधी चर काढावे लागतात, आणि चरांचे कौतुक कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. आपली चांगली पोरे कोणत्या वर्षी भरात येतील, याचा अंदाज कागदावर लिहावा. ती दोन वर्षांनी येणार असतील आणि घ्यायच्या खेळाडूची दोनच चांगली वर्षे उरली असतील, तर तो सौदा दुसऱ्याच संघाच्या कामाचा. फझलला जाऊ देऊन शादलुई घेण्यात पलटणने हेच गणित केले. तिसरी गोष्ट दुखापतीची. निम्मी पर्स एका गुडघ्यावर ठेवली तर तो गुडघा गेल्यावर काय, याचे उत्तर लिलावाआधी हवे. टायगर्सने ते करारात लिहून घेतले. आपल्याकडे तसे कलम घालता येत नसेल, तर त्याच जागेचा दुसरा गडी राखून ठेवणे हेच कलम. चौथी गोष्ट गर्दीची. तळाच्या संघाला कधी कधी लोकांना मैदानावर परत आणण्यासाठी नाव लागते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र तो खर्च जाहिरातीचा आहे, हे संघाच्या हिशेबात तसेच मांडावे. जाहिरातीच्या पैशाकडून विजयाची अपेक्षा ठेवली की प्रशिक्षकाचा बळी जातो.

बारामती-इंदापूरच्या पातळीवर यातले आकडे बदलतात, तर्क बदलत नाही. इथे निम्मी पर्स म्हणजे काही हजार रुपये आणि दोन दिवसांचे जेवण. पण बाहेरचा चढाईपटू आणला की गावातला एक पोरगा राखीव बाकावर जातो, ही किंमत मोठ्या लीगपेक्षा इथे जास्त आहे. कारण पुढच्या वर्षी बाहेरचा गडी दुसऱ्या गावाकडून खेळेल आणि बाकावरचा पोरगा तालमीला येणे सोडून देईल. म्हणून गावच्या संघाने पाहुणा आणायचाच तर पकडीसाठी आणावा, आणि सामन्याच्या दिवशीच न आणता आधी काही दिवस सरावाला आणावा. त्याने चार पोरांना घोटा धरायला शिकवले, तर स्पर्धा हरूनही पैसे वसूल झाले.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी पराभव कसे वाचावेत, मग पर्स कशी वाटावी, मग वय आणि दुखापत यांचे गणित, आणि शेवटी प्रत्यक्ष बोलीच्या वेळी कुठे थांबावे. दाखले बहुतेक कबड्डीचे आहेत, कारण सारख्या पर्समुळे तिथे चूक लपत नाही. क्रिकेट आणि बेसबॉल जोडीला आहेत, कारण पैसा वाढला की मोह कसा वाढतो, हे तिथे दिसते.

तळाच्या संघाने तारा घ्यावा का, याला माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. वर्षानुवर्षे ‘पोरे घडवतोय’ म्हणत हरत राहणे हीही एक सबबच असते, आणि हरण्याची सवय लागलेली पोरे घडत नाहीत. पण बोलीसाठी हात वर करण्याआधी त्या संघाला तीन नावे सांगता आली पाहिजेत: या खेळाडूमुळे आपल्यातले कोणते तिघे सुधारणार आहेत. नावे सांगता आली तर किंमत थोडी जास्त गेली तरी चालेल. सांगता आली नाहीत तर तो खेळाडू फुकट मिळाला तरी महागच आहे.